सोमवारची नोंद

शनिवारची सकाळ. गावाबाहेरच्या एका शाळेच्या ओसरीवर तीस-पस्तीस माणसे सतरंजीवर बसली आहेत. कोणी बँकेत कारकून आहे, कोणी शिक्षिका, कोणी नुकतेच निवृत्त झालेले, तर दोन-तीन महाविद्यालयीन मुले. प्रत्येकाजवळ एक वही आणि पेन्सिल आहे, काहींच्या गळ्यात दुर्बीण आहे. परिसरातील झाडे, पक्षी, कीटक पाहायला, ओळखायला आणि त्यांच्या नोंदी ठेवायला ही मंडळी दोन दिवसांत शिकणार आहेत. पुढे आपापल्या वस्तीत निसर्गाचे स्वयंसेवक म्हणून त्यांनी काम करावे, अशी योजकांची अपेक्षा आहे. मार्गदर्शक उभे राहतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "आपल्या घरापासून शंभर पावलांच्या आत उभ्या असलेल्या पाच झाडांची नावे लिहा."

ओसरीवर शांतता पसरते. आंबा, नारळ, वड येथपर्यंत पेन्सिली झरझर चालतात आणि मग थबकतात. कोणी 'पिवळ्या फुलांचे झाड' असे लिहितो, कोणी 'शोभेचे झाड'. मी अशा पहिल्या शिबिराला गेलो, तेव्हा माझ्या वहीत तीनच नावे उमटली होती आणि त्यांतले एक चुकीचे निघाले. वीस वर्षे ज्याच्या सावलीत मी बसची वाट पाहिली, त्या झाडाला मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

अशी शनिवार-रविवारची शिबिरे आता आपल्या देशात ठिकठिकाणी होतात. त्यांच्याविषयी मला आस्था आहे. तरीही त्यांच्यासंबंधी काही गोष्टी स्पष्टपणे बोलल्या पाहिजेत, असे मला वाटते.

हौशी माणसांनी निसर्गाचा अभ्यास करावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग ते हेच. एकमेकांना भेटावे, पाहिलेले सांगावे, जमवलेले नमुने दाखवावेत, एवढ्याच साध्या हेतूने ही मंडळी जमली होती. त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा होता आणि निसर्गाचा नाद वेगळा. त्या नादातूनच पुढे देशातील एक मोठी संस्था उभी राहिली.

याच संस्थेच्या दारात विसाव्या शतकाच्या आरंभी एक शाळकरी मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ही कोणती चिमणी, हे त्याला जाणून घ्यायचे होते. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे ते जगन्मान्य पक्षितज्ज्ञ झाले, परंतु विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि त्या कारणाने तरुणपणी त्यांना पक्षितज्ज्ञाची एक सरकारी जागा मिळू शकली नाही. १९३० साली हाताशी नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर ते त्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसून राहिले आणि दिसेल ते लिहीत गेले.

त्या पाहण्यातून काय हाती आले, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या भाषेने या पक्ष्याला 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव दिले आहे. इतके देखणे घर विणणारी ती गृहिणीच असणार, असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. तो घरटे अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीला ते पसंत पडले की मग तो त्याचा लांब नळीसारखा दरवाजा पुरा करतो. ती अंडी उबवू लागली की हा दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावू लागतो. यासाठी दूरच्या अरण्यात जावे लागले नाही की महागडी उपकरणे लागली नाहीत. घराजवळची जागा, एक वही आणि कंटाळा न येणारे डोळे एवढेच भांडवल होते. औपचारिक शिक्षण मध्येच थांबलेल्या कोणाही माणसाला ही हकीकत धीर देईल, असे मला वाटते.

आता आजच्या शिबिरांकडे वळू. माझी पहिली तक्रार अशी की, बहुतेक शिबिरांत नावांची मोजदाद हाच मुख्य कार्यक्रम होऊन बसतो. पहाटे निघायचे, दुपारपर्यंत साठ पक्षी 'करायचे', झाडांच्या खोडांवरून हात फिरवत पुढे सरकायचे आणि संध्याकाळी कोणाची यादी लांब हे पाहायचे. पक्षी झुडुपात शिरतो न शिरतो तोच कोणीतरी त्याचे नाव उच्चारतो, सर्वजण ते लिहून घेतात आणि पावले पुढे पडतात. तो झुडुपात का शिरला, चोचीत काय होते, हे पाहायला कोणी मागे राहत नाही. राहिलाच, तर "चला, उशीर होतोय" अशी हाक येते.

नावे नकोत असे मी म्हणत नाही. नावाच्या अज्ञानातून नुकसान कसे होते, ते आपण दरवर्षी दसऱ्याला पाहतो. सोने म्हणून आपट्याची पाने द्यायची रीत आहे. आपटा आणि कांचन यांची पाने दिसायला सारखी, दोन्ही मध्यभागी दुभंगलेली. त्यामुळे बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याही सर्रास विकल्या जातात. आपट्याचे पान आकाराने लहान आणि जाडसर असते, कांचनाचे बरेच मोठे. एवढे ठाऊक असते, तर न मागितलेल्या झाडाच्या फांद्या तरी ओरबाडल्या गेल्या नसत्या. (आपट्याच्याही ओरबाडू नयेत, हा निराळा मुद्दा.) नाव हे ओळखीचे दार आहे, पण दारावरची पाटी वाचून परत फिरणाऱ्याला घरातल्या माणसांची ओळख झाली, असे कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती नोंदीच्या खरेपणाची आहे. रानपिंगळा नावाचा एक लहान घुबडवर्गीय पक्षी मध्य भारतातील रानात आढळतो. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात या पक्ष्याचा एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल व गुजरातमधील एका ठिकाणाचे नाव होते. पुढे पामेला रासमुसेन या संशोधक विदुषीने संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा उघड झाले की, हा नमुना मुळात दुसऱ्याच्या संग्रहातून चोरलेला होता आणि चिठ्ठीवरचे स्थळ व काळ दोन्ही बनावट होते. खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवली होती. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा एका उघड्या फांदीवर बसलेला त्यांना दिसला. शतकाहून अधिक काळ हरवलेला पक्षी आपल्याच रानात नांदत होता!

माइनर्ट्झहागेनने केली ती फसवणूक होती. शिबिरातला नवशिका फसवणूक करत नाही, पण त्याला मोह होतो. चार जणांनी पाहिलेला पक्षी आपल्याला दिसला नाही, हे कबूल करणे अवघड जाते. धूसर उजेडात शेपटी तेवढी दिसली, तरी तो वहीत पूर्ण पक्षी लिहून टाकतो. म्हणून मला वाटते की, शिबिराच्या पहिल्या तासालाच मार्गदर्शकाने स्वतः उभे राहून "हे मला ओळखता आले नाही" असे एकदा तरी म्हणावे. 'ओळख पटली नाही', 'फक्त आवाज ऐकला', 'खात्री नाही' हे शब्द वहीत लिहिण्याची लाज वाटू नये, हे दोन दिवसांत शिकवता आले तरी पुष्कळ झाले.

कारण हौशी माणसांच्या नोंदी आता केवळ हौसेपुरत्या राहिलेल्या नाहीत. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. देशभरातील तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यांपैकी १७८ जातींच्या रक्षणाला अग्रक्रम द्यावा, असे ठरवण्यात आले. नीलकंठ, म्हणजेच चास, या पक्ष्याची संख्या वेगाने घटते आहे, हे या नोंदींवरूनच ठळकपणे पुढे आले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानायचे आणि एरवी तारेवर बसलेला दिसला तरी ज्याच्याकडे कोणी वळून पाहायचे नाही, असा हा पक्षी. त्याच्या प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी एक माणूस सकाळी उठून, पाहून, खरे ते लिहून गेला आहे. अशा तीन कोटी नोंदींत आपली एक खोटी मिसळली तर काय बिघडते, असे ज्याला वाटते, त्याने रानपिंगळ्याची ती चिठ्ठी आठवावी.

आता तिसरी गोष्ट, आणि खरे तर याच गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. या शिबिरांना येते कोण? शनिवार-रविवार ही ज्यांची सुटी असते, तेच. शेतमजुराला रविवार नसतो, दुकानातल्या नोकराला नसतो आणि घर सांभाळणाऱ्या बाईला तर कोणताच वार सुटीचा नसतो. त्यात शिबिराचे शुल्क, बसभाडे आणि मार्गदर्शकांची अर्धी इंग्रजी भाषा. अशा तीन-चार चाळण्यांतून उरलेली माणसे ओसरीवर बसतात आणि 'स्थानिक निसर्ग' शिकतात. त्या निसर्गात रोज राबणारी स्थानिक माणसे मात्र ओसरीबाहेर असतात.

सह्याद्रीच्या पायथ्याशी भरलेल्या एका शिबिरातला प्रसंग सांगतो. माघ महिना होता. वाटेवर एक तरुण झाड उभे होते. त्याला ना पान, ना फूल; अंगावर काटे मात्र होते. काटे पाहून आमच्यातल्या बहुतेकांनी ते काटेसावर ठरवले. मार्गदर्शक जरा घुटमळले, पण तेही सावरीकडेच झुकले. आमच्या जेवणाचे पाहणाऱ्या मावशी पाण्याची कळशी घेऊन मागून येत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही हो दादा, हा पांगारा. आमच्या परसाचं कुंपण ह्याचंच आहे. फांदी तोडून रोवली की लागते जगायला. सावरीचा काटा केवढा मोठा असतो, असा बारका नसतो." मार्गदर्शक प्रामाणिक होते. त्यांनी काटे पुन्हा निरखले, मावशींचे म्हणणे मान्य केले आणि सर्वांना वहीत दुरुस्ती करायला लावली. रविवारी संध्याकाळी आम्हा सर्वांना प्रशस्तिपत्रे मिळाली. मावशी तेव्हा पातेली घासत होत्या. त्यांनाही एक द्यावे, असे कोणाला सुचले नाही. मलाही सुचले नाही, ते फार नंतर सुचले.

या प्रसंगावरून 'गावकऱ्यांना सारे ठाऊक असते' असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे होईल. त्याच मावशींनी आम्हांला सांगितले होते की, धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. ही समजूत खेडोपाडी ऐकू येते आणि तिच्यापायी कित्येक धामणी मारल्या जातात. वास्तविक धामण बिनविषारी असते, उंदीर-घुशी खाते आणि शेतकऱ्याचे धान्य वाचवते. दूध पिण्याजोगी तिच्या तोंडाची रचनाच नसते. म्हणजे मावशींकडून आम्ही पांगारा शिकायला हवा होता आणि त्यांना धामणीविषयी सांगायला हवे होते. परंतु अशा देवघेवीसाठी दोघांनी एकाच सतरंजीवर बसायला हवे. आमच्या शिबिरात सतरंजीवर आम्ही होतो आणि मावशी चुलीपाशी.

अशी देवघेव होऊ शकते, याचे उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री येऊन अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, कोल्हेकुत्रीही खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन तेथे संरक्षणाचे काम सुरू केले. घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की ती समुद्राकडे सोडायची. वाळूवरच्या खुणा वाचून घरटे शोधण्याची नजर किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाजवळ असते. तीच नजर आता राखणीच्या कामाला आली. हे शिक्षण दोन दिवसांत पुरे झाले नाही. हंगामामागून हंगाम पहाटे किनारा चालून ते झाले. पुढे कासवे पाहायला पाहुणे येऊ लागले आणि त्यांच्या राहण्या-जेवण्यातून गावाच्या हाती चार पैसेही आले. पैशांची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. ज्याचे पोट त्या किनाऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा शहरातल्या माणसाने करू नये.

जैविक विविधता कायदा २००२ साली संमत झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतील जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही तयार करायची आहे. तिला लोक जैवविविधता नोंदवही म्हणतात. देशभर अशा दोन लाखांहून अधिक वह्या तयार झाल्या आहेत. संख्या मोठी आहे, परंतु मुदत गाठण्यासाठी अनेक वह्या घाईने भरल्या गेल्या, ही टीका या क्षेत्रातील जाणकारांनीच केली आहे. गावाबाहेरचा माणूस चार दिवस येऊन यादी लिहून गेला, तर त्या वहीत गावच्या माळाची ओळख कशी उतरणार? माळ म्हणजे पडीक जमीन, असे आपण सहज म्हणतो. त्या पडीक जमिनीवर चंडोल उघड्या भुईवर घरटे करतो, धाविक पक्षी तुरुतुरु धावत किडे टिपतो, मेंढ्यांचे कळप चरतात. उद्या तेथे काही बांधायचे ठरले आणि 'येथे काय होते?' असा प्रश्न निघाला, तर उत्तर देणारा कागद कोणाजवळ तरी असायला हवा. शिबिरातून तयार झालेल्या स्वयंसेवकांनी आणि मावशींसारख्या जाणत्या माणसांनी मिळून या वह्या खऱ्या अर्थाने भराव्यात, यासारखे दुसरे काम मला दिसत नाही.

त्यासाठी शिबिरे थोडी बदलावी लागतील. ती आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजारगावी, अर्ध्या दिवसाचीही घेता येतील. इंदूरला हिंदी, मडगावला कोकणी, सोलापुरात तेलुगू-कन्नड बोलणारा शेजारी असतो. त्याच्या भाषेतले नाव मराठी नावाशेजारी वहीत लिहिता येईल. आणि प्रशस्तिपत्र रविवारी संध्याकाळी देऊ नये. प्रत्येकाला एकच जागा नेमून द्यावी. नाल्याचा काठ, देवळामागचा पिंपळ, स्मशानाजवळची झुडपे, काहीही चालेल. पण ती घराच्या वा कामाच्या वाटेवरची असावी. तिची वर्षभराची वही जो आणून दाखवील, त्याला प्रशस्तिपत्र. पुष्कळजण गळतील. गळू द्यावेत.

मागच्या एका शिबिरात असेच वर्षाचे काम सुचवले होते. वह्या फार थोड्या परत आल्या. त्यांतली एक, शहरातल्या एका गृहसंकुलाच्या फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या रखवालदाराची होती. पाळी बदलून घेऊन तो शिबिराला आला होता आणि दोन दिवस जवळजवळ काहीच बोलला नव्हता. नोंदी इतक्या नेटक्या कशा, असे विचारले तेव्हा म्हणाला, "साहेब, फाटकावरचं रजिस्टर मी आठ वर्षं लिहितो. जी गाडी आली नाही, ती आली असं लिहायचं नसतं." त्याच्या वहीचे पहिले पान मी उतरवून घेतले आहे. शिबिर संपल्यानंतरच्या सोमवारचे ते पान आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे:

"सोमवार. रात्री २ वाजून १० मिनिटे. फाटकाजवळच्या शिरीषावर पिंगळा दोनदा ओरडला. दिसला नाही."